वर्तणुकीचा रकाना

काकांनी जन्मात आगबोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावाहून समुद्र गाठायचा तर सहा तास वाळवंटातून गाडी हाकावी लागते, आणि तेवढेही ते कधी गेले नाहीत. तरी अटलांटिक महासागरात प्रवासी बोटी चालवणाऱ्या, केव्हाच बंद पडलेल्या एका कंपनीचा इतिहास ते तीस वर्षं लिहीत होते. त्यातली शेवटची आठ वर्षं मी त्यांच्या घरात होते. स्वयंपाकाला. निदान कागदोपत्री तरी स्वयंपाकाला. त्या कागदाचं पुढे येईलच.

कंपनीचं नाव ते घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसं नुसतं "कंपनी" म्हणायचे, आणि बोलताना कायम "आपण". "आपण त्या साली दोन नव्या बोटी काढल्या." "अमेरिकेनं बाहेरच्यांना दार लावलं तेव्हा आपला तिसरा वर्ग ओस पडला. मग आपण काय केलं? त्याच खोल्यांना रंग दिला, खाटांवर चादरी घातल्या, आणि मास्तर न् कॉलेजची पोरं भरली. स्वस्तात युरोप." नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ शिपिंगमधून रिटायर झालेत. ते कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातून रिटायर झाले होते.

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला निखिलनं एक बेत केला. निखिल नागपूरचा, त्याच चिपच्या कारखान्यात इंजिनियर, काकांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. तासाभरावर एक तलाव आहे, तिथे जुन्या पद्धतीची एक छोटी बोट लोकांना चक्कर मारून आणते. निखिलनं तिकिटं काढली. काका हॅट घालून धक्क्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"चला ना काका, दोन तासांचं आहे यार."

"तिकीट कोणत्या क्लासचं?"

"एकच क्लास आहे इथे."

"मग नकोच," काका म्हणाले. "आणि मी इतिहासकार आहे. पॅसेंजर नाही."

आम्ही तिघंही बाकावर बसून सँडविच खाल्ली. बोट गेली आणि परत आली. काका तिच्याकडे पाठ करून बसले होते.

त्यांना ही कंपनी चिकटली ती लहानपणी. त्यांचे वडील मुंबईला दारूखान्यात, म्हणजे जिथे जुन्या बोटी फोडतात तिथे, एका भंगारवाल्याकडे कारकून होते. कंपनीची एक म्हातारी बोट तिथे फोडायला आली. वडिलांनी घरी काय आणावं, तर फर्स्ट क्लासच्या डायनिंग हॉलमधल्या सहा ताटल्या, काठाला निळी रेघ आणि मध्ये कंपनीचा झेंडा. घरात माणसं आठ. निळ्या ताटलीत कोण जेवणार आणि स्टीलच्या थाळीत कोण, हे वडील रोज ठरवायचे. काका सगळ्यांत धाकटे. त्यांना निळी ताटली कधी मिळाली नाही. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. त्या सहापैकी एक ताटली अमेरिकेपर्यंत आली होती आणि काका रोज तिच्यातच जेवायचे. ती धुवायचं काम माझं, पण पुसायचं त्यांचं.

ताटलीबरोबर आणखी एक वस्तू घरात आली होती. बोटीच्या भटारखान्यात भांडी घासणाऱ्या एका आयरिश माणसाची नोकरीची वही. पॅट्रिक नाव त्याचं. खलाशांकडे तेव्हा अशी वही असायची. दर सफरीनंतर कॅप्टन त्यात शेरा मारायचा, दोन रकान्यांत. एक कामाचा, एक वर्तणुकीचा. दोन्हीकडे "व्हेरी गुड" असा शिक्का पडला की माणूस पुढच्या बोटीवर जायला मोकळा. पॅट्रिकच्या वहीत अकरा सफरींचे शेरे असे होते. बाराव्याला कामाच्या रकान्यात व्हेरी गुड, आणि वर्तणुकीच्या रकान्यात "डिक्लाइन्स टु रिपोर्ट". मत द्यायला नकार. त्यापुढची पानं कोरी.

घरी कुणी पहिल्यांदा आलं की काका ही वही प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढायचे, त्या पानावर बोट ठेवायचे आणि दरवेळी त्यांचा आवाज बसायचा. "वाईट लिहिलं असतं तर माणूस भांडला असता. पुरावा द्या म्हणाला असता. इथे काही लिहिलंच नाही. न लिहिलेल्याशी कसं भांडणार? संपवलं त्याला." मग चष्मा काढून पुसायचे. ऐकणारा इंजिनियर बिचारा हातातली प्लेट खाली ठेवून गंभीर व्हायचा.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले होते. मुद्दाम सांगते, कारण पुढे काय झालं ते कळल्यावर तुम्हाला वाटेल मी आधीपासूनच मनात धरून बसले होते. तसं नाही.

घराला काकांनी बोट करून टाकलं होतं. रविवारी दुपारी मराठी मंडळी जेवायला यायची. डायनिंग टेबल फर्स्ट क्लास, किचनचा ओटा सेकंड, आणि गॅरेजच्या पायऱ्या थर्ड. मॅनेजर आणि प्रोफेसर टेबलावर, सीनियर इंजिनियर ओट्याशी, नवे इंजिनियर आणि एमएस करणारी मुलं पायऱ्यांवर. सगळे हसायचे, "काका काय भारी" म्हणायचे, आणि सांगितलेल्या जागी बसायचे. निखिलला प्रमोशन मिळालं त्या रविवारी काकांनी त्याला पायरीवरून उठवून ओट्याशी आणलं आणि टाळ्या वाजवल्या. मी कुठे बसायचे? मी वाढत होते. धुळीचं वादळ यायचं, आकाश विटकरी व्हायचं, तेव्हा काका घरभर फिरून खिडक्या लावायचे आणि म्हणायचे, "समुद्र खवळलाय. डेकवर कुणी जाऊ नका." मागच्या अंगणात स्विमिंग पूल होता. तो कोरडाच असायचा. त्याच्या काठावर बोटीच्या डेकवरची एक लाकडी आरामखुर्ची, लिलावात घेतलेली. त्या खुर्चीत बसून ते रिकाम्या खड्ड्याकडे बघत कॉफी प्यायचे.

पॅट्रिकच्या वहीतले ते दोन शिक्के त्यांनी रबरात करून घेतले होते. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला, त्यावर दर रविवारच्या जेवणाचा शेरा. बहुतेक वेळा व्हेरी गुड. एकदा वांगी करपली तेव्हा दुसरा शिक्का पडला होता. चँडलरच्या हवेत शाईचं पॅड आठवड्यात वाळून जातं. मग काका त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि शिक्का पुसट उमटला की वैतागायचे.

काकू सांता क्लाराला मुलीकडे राहायच्या. "मला जमिनीवर राहायचंय," एवढंच कारण त्या सांगायच्या. वर्षातून एकदा यायच्या, तीन दिवस राहायच्या. एकदा फ्रिजवरचा कागद वाचून मला म्हणाल्या, "नशीबवान आहेस. मला व्हेरी गुड चाळीस वर्षांत एकदाच मिळालं. तेही पाहुणे होते म्हणून."

मी इचलकरंजीची. आठवीतून शाळा सुटली. बहीण नर्स होऊन अमेरिकेत आली, तिनं माझे इथे यायचे पेपर केले, बऱ्याच वर्षांनी नंबर लागला. तोवर माझं लग्न होऊन मोडलंही होतं. इथे तिच्याकडे राहून मी इंजिनियर मुलांचे डबे करायला लागले. मग तिच्या नवऱ्याची बदली दुसऱ्या राज्यात, बॉथेलला झाली आणि त्यांच्या नव्या घरात एक खोली कमी निघाली. निखिल माझं डब्याचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "ताई, आमच्या काकांना स्वयंपाकाला कुणीतरी हवंय. खोली फुकट. काका थोडे सटकलेले आहेत, पण माणूस चांगला आहे." डबे चालू ठेवायलाही काकांनी हरकत घेतली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात काकांनी डब्यावरची चिठ्ठी उचलली. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कितवी?"

"आठवी. पुरी नाही."

"आमच्या कारखान्यात पीएचडी होते, त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायांचं. उद्यापासून गॅरेजमध्ये ये."

गॅरेजमध्ये गाडी नव्हती. छतापर्यंत खोकी होती. मेनूकार्डं, प्रवाशांच्या तक्रारी, भटारखान्याचे तक्ते, लिलावातून आणि म्हाताऱ्या खलाशांच्या वारसांकडून गोळा केलेली. कागद उन्हानं कडक होऊ नयेत म्हणून तिथे वेगळा एसी होता, दिवसभर चालू. किचनमधला एसी एका जूनमध्ये बंद पडला तो ऑगस्टपर्यंत तसाच राहिला. मी म्हटलं, "काका, ओट्याशी उभं राहवत नाही." ते म्हणाले, "माणसाला सवय होते. कागदाला होत नाही."

कंपनीनं म्हणे स्वतःचा एक इतिहास छापला होता, जाड कागदावर. त्यात अध्यक्षांचे फोटो, कॅप्टनांचे फोटो, आणि बाकी सगळ्यांसाठी एक वाक्य, निष्ठावान कर्मचारी वगैरे. काकांचा राग तिथून सुरू झाला. बोटीच्या पोटात जी माणसं होती, कोळसा टाकणारी, भांडी घासणारी, चादरी धुणारी, त्यांतल्या प्रत्येकाचं एक कार्ड करायचं, नाव, गाव, काम, शेरे, आणि मग त्यांचा इतिहास लिहायचा. हे काम मी केलं. ते वाचायचे, मी लिहायचे. पहिल्या वर्षी ते एकेक अक्षर सांगायचे. तिसऱ्या वर्षी मी स्वतः वाचत होते.

हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. मला इंग्रजी त्यांनी शिकवलं. फक्त ते इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीच्या तक्रारअर्जांतलं होतं. लायसनच्या ऑफिसात माझा फोटो चुकला तेव्हा मी खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "आय बेग टु इन्फॉर्म यू." ती उठून मॅनेजरला घेऊन आली. निखिल आठवडाभर मला "मॅडम, आय बेग" म्हणत होता.

आणि मला व्हॅली फीव्हर झाला तेव्हा, इथल्या धुळीतून छातीत जातो तो आजार, काकांनी मला हॉस्पिटलात नेलं आणि तीन दिवस खुर्चीत बसून राहिले. नर्सनं विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, भाऊ. माझा सख्खा भाऊ इचलकरंजीला आहे. त्यानं फोनवर विचारलं होतं, खर्च किती येणार.

तर बटाट्यांचं सांगते.

भटारखान्याचे तक्ते मी लावत होते. कोणत्या सफरीत काय काय शिजलं, वर्गवार. मी रोज चाळीस डबे करायचे, त्यामुळे अमुक माणसांना किती बटाटा लागतो हे मला बघूनच कळतं. एका सफरीच्या तक्त्यावर माझा हात थांबला.

"काका, ह्या खेपेला थर्ड क्लासात माणसं जास्त होती."

"यादीत सहाशे आहेत."

"यादीत असतील. जेवायला सातशेच्या वर होती."

"खलाशी चोरत असतील माल."

"चोरणारा मटण चोरतो, काका. बटाटे कोण चोरतं?"

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. आम्ही पुढचे तक्ते काढले. सगळ्यांत नाही, पण उन्हाळ्याच्या बऱ्याच सफरींत तेच. मग त्यांना धुलाईचे कागद आठवले. चादरीही जास्त धुतल्या गेल्या होत्या. म्हणजे कंपनी यादीबाहेरची माणसं भरत होती, खालच्या अंधारात, आणि त्यांचं नाव कुठेच नव्हतं. काका खुर्चीतून उठले आणि कोरड्या पुलाभोवती भर उन्हात एक फेरी मारून आले. आत येऊन त्यांनी शिक्का उचलला आणि माझ्या मनगटावर मारला. व्हेरी गुड. मी दोन दिवस तो हात भांड्यांत घातला नाही, हातमोजे घालून घासली.

महिन्यानं एका बोटींच्या अभ्यासकांच्या मंडळापुढे काकांचं कॉम्प्युटरवरून भाषण झालं. मी टायपिंग शिकून त्यांचे कागद तयार करून दिले होते. "मी पंचवीस वर्षांच्या अभ्यासानंतर असा शोध लावला आहे," त्यांनी सुरुवात केली. मधे मी चहाचा कप ठेवायला गेले. रेकॉर्डिंगमध्ये माझं कोपर दिसतं.

तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, भाषण त्यांचं आहे. खरंच असंच वाटलं.

सहाव्या वर्षी निखिल फोन पुढे करत आला. "ताई, हे बघा. हे तर अक्षरशः तुमचं काम आहे." गावच्या लायब्ररीत जुन्या कागदांची एक खोली होती. तिथे माणूस हवा होता. पत्रं, फोटो, जुन्या वह्या खोक्यांत लावायच्या, नोंदी करायच्या. एसी खोली, हेल्थ इन्शुरन्स. अट काय, तर हायस्कूल, किंवा तेवढाच कामाचा अनुभव, आणि ज्याच्याकडे काम केलं त्याचं पत्र.

माझ्याजवळ कागद म्हणजे एकच, शाळा सोडल्याचा दाखला. लॅमिनेट करून आणलेला. तो मी काकांपुढे ठेवला. त्यांनी तो भिंगातून वाचला, लिलावातला कागद वाचावा तसा.

"प्रगती, बरी. वर्तणूक, चांगली. अगं, दोन रकाने आहेत ह्यात. तुझी शाळा म्हणजे आपली कंपनीच की." मग खालची ओळ वाचली. "शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या अर्जावरून. कुणी केला अर्ज?"

"वडिलांनी. आई आजारी होती. धाकट्याला बघायला कुणी नव्हतं."

"हं," ते म्हणाले. "पत्र देतो. त्यात काय एवढं."

नऊ दिवसांनी दिलं. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी. लिफाफा उघडा होता, आणि वाचता मला त्यांनीच शिकवलं होतं. ही बाई सहा वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते. स्वच्छ, प्रामाणिक, वेळेवर. भाकरी उत्तम करते. खाली सही.

मी ते दोनदा उलटसुलट करून बघितलं. मागे काही नव्हतं. काका आरामखुर्चीत बसले होते. मी जाऊन उभी राहिले.

"काका, यात कार्डांचं नाही."

"कसलं?"

"आठ हजार कार्डं लिहिली मी. तक्ते लावले."

"लिहिलीस ना. पण काय लिहायचं ते मी सांगत होतो."

"पहिली दोन वर्षं. आणि बटाट्यांचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बटाट्यांचं तू बोललीस. शोध मी लावला. बोलणं आणि शोध यात फरक असतो, तो शिकलेल्या माणसाला कळतो."

मग त्यांनी आवाज मऊ केला, आणि तो आवाज मला जास्त आठवतो. "हे बघ. युद्धाचं प्रकरण राहिलंय, शेवटच्या सफरीचं राहिलंय. तू गेलीस तर ते खोकं नं खोकं मला कोण काढून देणार? पुस्तक होऊ दे. मग लिहितो. हवं ते लिहितो. लायब्ररीच काय, कुठेही घेतील तुला."

"तोवर ही जागा जाईल."

"जागा येत असतात."

मी थँक्यू म्हटलं. मला ती सवय आहे. कुणी काहीही हातात ठेवलं की मी आधी थँक्यू म्हणते, मग काय ठेवलंय ते बघते.

मुलाखतीला गेले. पांढऱ्या केसांची बाई होती, बोलायला गोड. पत्र वाचून म्हणाली, छान लिहिलंय, पण आमच्याकडे किचन नाही. मी सांगायला लागले. आठ हजार कार्डं, तक्ते, धुलाईचे कागद. घाबरले की माझ्या तोंडून तक्रारअर्जांतलं इंग्रजी येतं, "आय बेग टु स्टेट" वगैरे, ते आलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, एखादं कार्ड आणलंय का? आणलं नव्हतं. कार्ड बोटीबाहेर जायचं नाही हा काकांचा नियम, आणि नियम मोडायची मला भीती वाटते. मग तिनं पुन्हा पत्राकडे बघितलं. "यात तसं काही लिहिलेलं नाही," म्हणाली. चार दिवसांनी नाहीची ईमेल आली.

काकांनी विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं."

"हं." ते थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. "उद्यापासून युद्धाचं प्रकरण घेऊ. सगळ्या बोटी सरकारनं सैनिक न्यायला घेतल्या होत्या."

त्या रविवारी माझ्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. टेबलापासून पायऱ्यांपर्यंत सगळ्यांनी पाणी मागून घेतलं. जेवणं झाल्यावर मी फ्रिजजवळ गेले तर कागदावर शिक्का उमटला होता. व्हेरी गुड.

त्यावरून मला कळलं की पत्रात आपण काय केलं ते त्यांना कळत होतं.

मी आणखी दोन वर्षं राहिले. का, असं निखिलनं विचारलं. तोवर त्यानं घर घेतलं होतं, बायको आली होती. मी म्हटलं, हॉस्पिटलात तीन दिवस बसले होते रे. तो म्हणाला, "तीन दिवस, ताई. तीनच." पॅट्रिकची वही काका अजूनही पाहुण्यांना दाखवायचे. आवाज अजूनही बसायचा, डोळे अजूनही भरायचे, आणि त्यात नाटक नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. भांडी घासणाऱ्या माणसासाठी ते खरोखर रडत होते. तो मेलेला होता आणि त्याला कुठे जायचं नव्हतं.

काका एप्रिलमध्ये गेले. सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर ते खुर्चीतच, मान कोरड्या पुलाकडे. युद्धाचं प्रकरण अर्धं झालं होतं. शेवटची सफर, दारूखान्यातली ती बोट, वडील, ताटल्या, यातलं काहीच लिहून झालं नव्हतं.

मुलगी आणि काकू सांता क्लाराहून आल्या. मुलगी चांगली आहे, मला मावशी म्हणते. गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, मी दोन युनिव्हर्सिटीजना ईमेल केलं. पुस्तक नाही तर नुसती खोकी कुणी घेत नाही. सोमवारी कचऱ्याचा मोठा डंपस्टर येतोय. तुम्हाला काही हवं असेल तर प्लीज घ्या." मी पॅट्रिकची वही घेतली. लिहिणारी मीच म्हणून आठ हजारांतलं एक कार्डही घेतलं, हातात आलं ते. शिक्के आणि पॅड फ्रिजवर होते, ते घेतले. निळी ताटली काकूंना विचारली तर म्हणाल्या, "टाक त्याच डंपस्टरमध्ये."

शनिवारी घरी माणसं जमली. टेबलावर मुलीनं एक जाड वही ठेवली होती, आलेल्यानं दोन शब्द लिहावेत म्हणून. सगळ्यांनी लिहिलं. ज्ञानाचा महासागर. ऋषितुल्य. दुर्लक्षितांचा इतिहासकार. एमएसच्या एका मुलानं लिहिलं, लीजंड. त्या दिवशी कुणी कुठे बसायचं ते सांगणारं कुणी नव्हतं, तरी मॅनेजर टेबलाशी आणि मुलं पायऱ्यांवर बसली होती.

माणसं गेल्यावर मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही लिहिलंच नाही. तुम्ही तर सगळ्यांत जवळून बघितलंत." आणि ती खुर्च्या आत घ्यायला गेली.

मी बसले. पेन हातात घेतलं. मला वाचायला शिकवलं, हे लिहावंसं वाटत होतं. भाऊ म्हणाले, हेही. आणि लिहायला गेलं की तो उघडा लिफाफा आठवायचा. शेवटी पट्टी घेऊन पानावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं काम, दुसऱ्यावर वर्तणूक. कामाच्या रकान्यात शिक्का मारला, व्हेरी गुड. तिथे हात अडला नाही. तीस वर्षं त्या माणसानं विसरलेली माणसं एकेक करून शोधली, ते खोटं नव्हतं.

मग दुसरा शिक्का उचलला, डिक्लाइन्स टु रिपोर्टचा. पॅड वाळत आलं होतं. तसाच दाबला.

मागे काकू उभ्या होत्या, मला चाहूल लागली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, पान आपल्याकडे वळवून घेतलं, डाव्या रकान्यापासून सुरुवात करून सगळं वाचलं. मला वाटलं, आता पान फाडतील.

त्या सिंकपाशी गेल्या, बोटं ओली करून आल्या आणि पॅडवर पाण्याचे दोन थेंब शिंपडले.

"पुसट आलाय गं," त्या म्हणाल्या. "परत मार."